बांधातल्या गोगलगायी

कोबीची रोपं लावून चौथा दिवस होता. धाकटी सकाळी मळ्यात उतरली, तर बांधाकडच्या तीन ओळींत नुसत्या काड्या उभ्या. काल संध्याकाळी पाहिली तेव्हा रोपांनी माना वर धरल्या होत्या, मधून नवं पान डोकवायला लागलं होतं. आता एकेकाची मानच कोणी खुडून नेली होती. ही रोपं तिने महिनाभर गादीवाफ्यावर वाढवली होती. पावसाचा जोर वाढला की वर पोत्याचं छप्पर धरायचं, उघडीप पडली की काढायचं, असं तान्ह्या लेकरासारखं केलं होतं.

तिला वाटलं, शेळी. बांधापलीकडे थोरल्या दिराचा मळा, आणि त्यांच्याकडे एक खादाड शेळी होती. धाकटीने मागचापुढचा विचार केला नाही. बांधाशी जाऊन तिने आवाज चढवला. सहा वर्षं पोटात साठलेलंही त्यात मिसळलं. जनावर मोकळं सोडणारी माणसं, दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून टपलेली माणसं, असं बरंच काही ती बोलून गेली. रस्त्याने कामाला चाललेल्या दोन बायका थांबल्या. दूधवाल्याने सायकलवरून एक पाय खाली टेकवला.

थोरली जाऊ घेवड्याच्या वेलांना काठ्या बांधत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हातातली सुतळी कमरेला खोचून ती बांधाशी आली, बांधाच्या दगडांवरून वाकून अलीकडचं एक कुरतडलेलं पान उचललं आणि उजेडात तिरपं धरलं. पानावरून एक चकचकीत, ओली रेघ गेली होती.

“शेळी पाय मुरगळून तीन दिवस गोठ्यात बसलीय,” ती म्हणाली. “हे गोगलगायीचं काम आहे.”

पान धाकटीच्या बाजूला ठेवून ती वेलांकडे परत गेली. दूधवाल्याने पाय पॅडलवर घेतला. बायका हसल्या नाहीत, पण चालता चालता एकीने दुसरीला कोपराने ढोसलं, ते धाकटीने पाहिलं. माफी मागायला हवी होती. तेवढे शब्द तिच्या तोंडातून निघाले नाहीत. ती खाली बसून उगाचच काड्यांभोवतीची माती दाबत राहिली.

दोन्ही भावांचं घर एकाच भिंतीच्या दोन अंगांना होतं. सासरे गेल्यावर मळ्याचे दोन भाग झाले आणि मधला दगडांचा बांध कोणाचा, यावरून बिनसलं. बांध कमरेएवढा उंच आणि दोन हात रुंद होता. थोरला म्हणे, अख्खा बांध माझ्या वाट्याचा. धाकटा म्हणे, अर्धा माझा. मोजणीदार दोनदा येऊन गेला आणि दोन्ही खेपेला त्याची साखळी बांधाच्या वेगवेगळ्या अंगाला पडली. शेवटी भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. बांधाला कोणी हात लावायचा नाही, वरचं गवतसुद्धा कापायचं नाही, हेही न बोलताच ठरून गेलं. सासू तेवढी दोन्हीकडे जायची. सकाळी थोरल्याकडे जेवायची, संध्याकाळी धाकट्याकडे, आणि इकडचं तिकडे एक अक्षर सांगायची नाही.

धाकटीच्या नवऱ्याला सगळे पंपवाला म्हणत. वीस वर्षं तो पाठीवर पंप घेऊन लोकांच्या बागा फवारत फिरला. कोणाच्या झाडावर काय पडलंय ते पान हातात न घेता सांगायचा, म्हणून त्याला मान होता. गेल्या उन्हाळ्यात एका बागेत काम चालू असताना वारा फिरला आणि सगळं औषध त्याच्या तोंडावर आलं. त्याने पुढची रांग संपवली, हात न धुता पाणी प्यायला आणि तिथेच आडवा झाला. अकरा दिवस दवाखान्यात होता. घरी आला तो थरथरते हात आणि पाणावलेले डोळे घेऊन. डॉक्टरांनी औषधाच्या वासालाही उभं राहू नका म्हणून बजावलं. तेव्हापासून पंप ओसरीच्या खुंटीला लटकत होता, आणि तो त्याच्याच खाली बसून असायचा. मळा धाकटीवर आला. या मोसमाचा कोबी हेच तिचं पहिलं स्वतःच्या जबाबदारीवरचं पीक होतं. तो साधला नाही तर मळा कोणाला तरी कसायला देऊन दोघांनी शहरात लेकीच्या दारात जाऊन राहायचं, असं नवऱ्याने दोन-तीनदा बोलून दाखवलं होतं. लेक चांगली होती, जावईही चांगला होता. पण दोन खोल्यांच्या त्या घरात आपण कुठल्या कोपऱ्यात मावणार, हे धाकटीला माहीत होतं.

ती त्या दिवसापासून वेचायला लागली. फटफटीत व्हायच्या आत आणि दिवेलागणीच्या आधी, अशा दोन फेऱ्या. गोगलगायींना उघडा हात लावायचा नाही हे ती ऐकून होती, म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशव्या हातांवर चढवून मनगटाशी रबराने बांधायची. डाव्या हातात साबणाच्या पाण्याची बादली. वाफ्यातून उकिडवं बसत पुढे सरकायचं, पान उलटायचं, उचलायचं, टाकायचं. काही शंखवाल्या, अंगठ्याएवढ्या, काही बिनशंखाच्या, नुसत्या चिकट, राखाडी बोटासारख्या. पहिल्या फेरीत तिने दीडशेपर्यंत मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. घोट्यापर्यंत चिखल, पाठीवर रिमझिम, आणि बुळबुळीत काही तरी पिशवीतून निसटून पायावर पडलं की अंगावर शहारा. दुपारी जेवताना घास तोंडाशी नेला की तिला तोच वास यायचा.

तिसऱ्या दिवशी कोणी तरी मीठ सांगितलं. तिने दोन ओळींच्या कडेने मीठ पेरलं. गोगलगायींना फेस आला, त्या विरघळल्या, तिला बरं वाटलं. दुपारी सर आली. दोन दिवसांत त्या ओळींतली धड रोपंही पिवळी पडून माना टाकून बसली. राख टाकली, ती पहिल्या सरीत वाहून गेली. नवरा मळ्याच्या तोंडाशी येऊन पिवळ्या ओळी बघून गेला. बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

त्या आठवड्यात एकदा खुंटीवरचा पंप तिला कलता दिसला. सरळ करायला गेली तर आतून काही तरी खुळखुळलं. टाकीत एक बंद पुडकं होतं. गोगलगायींच्या विषारी गोळ्या. दुकानदाराकडे तो कधी गेला, कसा गेला, तिला पत्ताही नव्हता. तिने पुडकं आणून त्याच्यासमोर ठेवलं.

“फवारायच्या नाहीत, नुसत्या पसरायच्या,” तो म्हणाला. “वाऱ्याचा प्रश्न नाही. हातमोजे घालीन.”

“तुमच्या हातात चहाचा पेला राहत नाही. त्या गोळ्या राहतील?”

बोलल्यावर तिला आपलंच बोलणं टोचलं. त्याने दोन्ही पंजे मांडीखाली दाबून धरले.

“मग मी काय करायचं, ते तूच सांग. इथे बसून तुझ्या बादल्या मोजायच्या?”

“माझ्याबरोबर वेचा.”

“वेचू? मी?”

ती म्हणाली, “दवाखान्यात अकरा दिवस मी चमच्याने पाणी पाजलं. तुम्ही गिळता की नाही ते बघत बसायचे. ते मला परत जमणार नाही. बाकी काय वाटेल ते करीन.”

दुसऱ्या दिवशी ती पुडकं घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने ते परत घेतलं, पण चारचौघांसमोर विचारलं की आता गोगलगायींना हात जोडून विनवणार का. बाकावर बसलेले हसले. धाकटीने खाली मान घालून पदर सावरला आणि बाहेर पडली. घरी न जाता ती तशीच शाळेकडे वळली, कारण शाळेच्या बागेत इतक्या पावसातही पानाला भोक दिसत नव्हतं, हे तिने येता-जाता पाहिलं होतं.

शाळेचा माळी म्हातारा, कानाने कमी. तिला दोनदा सगळं सांगावं लागलं. मग त्याने तिला बागेच्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक ओली फळी जमिनीवर पालथी टाकलेली होती. त्याने ती उलटी केली. खाली वीस-बावीस गोगलगायी चिकटून झोपल्या होत्या. माळ्याने खुरप्याने त्या डब्यात खरवडल्या आणि फळी पुन्हा तशीच टाकली. तो म्हणाला, तू खाताना पकडायला जातेस आणि थकतेस. दिवसा त्यांना गारवा आणि अंधार लागतो. तशी जागा आपणच द्यायची आणि दुपारी आरामात जाऊन उचलायच्या. फळ्या टाक, भिजलेली पोती टाक, त्याखाली कोबीची टाकाऊ पानं. संध्याकाळी पाणी देऊ नकोस, सकाळी दे. वाफ्यांतलं तण काढ. आणि माती जरा उकरून बघत जा. मोहरीपेक्षा मोठी, पांढरी, मोत्यासारखी अंडी गठ्ठ्याने सापडतील. ती वेचलीस तर पुढच्या महिन्याचं काम आजच झालं.

निघताना तो म्हणाला की त्या कुठे राहतात ते शोध, कारण ते कळल्याशिवाय तुझी पाठ मोडेल आणि त्यांचं काही बिघडणार नाही.

धाकटीने फळ्या टाकल्या. जुन्या दाराचा एक पल्लाच टाकला. पोती भिजवून ओळींच्या मधे पसरली. दुपारी उलटायची आणि बादली भरायची. तिसऱ्या दुपारी ती पोतं उलटायला वाकली, तेव्हा मागे पावलं वाजली. नवरा होता. दोन्ही हातांवर दुधाच्या पिशव्या, आणि रबर बांधता आलं नव्हतं म्हणून तोंडात धरलेलं. तिने त्याच्या मनगटांना रबर चढवलं.

पहिल्या दिवशी त्याच्या हातून दहातल्या सहा निसटायच्या. मग त्याने स्वयंपाकघरातला एक जुना, वाकलेला डाव घेतला. डावाने खरवडायचं, बादलीच्या काठावर आपटायचं. थरथर चालायची, पण डाव मोठा असल्यामुळे नेम चुकायचा नाही. रस्त्याने जाणाऱ्या एका बागायतदाराने थांबून विचारलं, पंपवाले, हे कुठलं नवीन यंत्र. त्याने मान वर केली नाही. कानाची पाळी तेवढी लाल झाली. दुसऱ्या दिवशीही तो आला, तिसऱ्याही.

आणि वीस वर्षं पानं वाचलेला तो माणूस आता जमीन वाचायला लागला. एका सकाळी ऊन तिरपं पडलं असताना तो वाफ्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि चकाकणाऱ्या रेघांवरून नजर फिरवत राहिला. मग त्याने बायकोला बोलावलं. म्हणाला, बघ, एकही रेघ रस्त्याकडून नाही, विहिरीकडून नाही. सगळ्या बांधातून निघतात आणि बांधातच परत जातात. ती बघत होती तोवर त्याने बांधाच्या पायथ्याचा एक दगड ओढून काढला. खाली एकीवर एक अशा अकरा होत्या, आणि शेजारच्या ओल्या खळग्यात पांढऱ्या अंड्यांचा गठ्ठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दगड आपल्या जागी परत बसवलेला होता. थोरल्याचं काम. धाकट्याने तो पुन्हा काढून बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवशी दगड पुन्हा जागेवर, आणि फटीत खडे ठोकून पक्का केलेला. असं चार दिवस चाललं. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला दगडाजवळ पाहिलं नाही, आणि घराच्या मधल्या भिंतीपलीकडून दोघांच्याही खोकण्याचा आवाज दोघांना येत होता.

त्याच दिवसांत एकदा धाकटी नेहमीपेक्षा लवकर उतरली. धुकं होतं. बांधाशी ती पायथा चाचपत बसली असताना पलीकडून टप्प असा आवाज आला. पाण्यात काही तरी पडल्याचा. ती उठून उभी राहिली. पलीकडे थोरली उकिडवी बसली होती, समोर बादली, हातात लाकडी चिमटा. घेवड्याच्या खालच्या शेंगा अर्ध्या अर्ध्या खाल्लेल्या.

थोरलीच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव होता.

“तुमच्याकडेही आहेत?” धाकटीने विचारलं.

“पंधरा दिवस झाले. यांना सांगितलं नाही. यांना कळलं तर म्हणतील त्यांच्याकडून आल्या.”

धाकटीला हसू आलं. ती म्हणाली, “जाऊबाई, शेळीवरून मी नाही नाही ते बोलले. माझं चुकलं.”

“शेळीला काही वाईट वाटलेलं नाही,” थोरली म्हणाली. मग ती उठून बांधाला टेकली. “मला वाटलं होतं. पण तू अकरा दिवस दवाखान्यात कशी काढलीस ते मला माहीत आहे, म्हणून गिळलं.”

तुम्ही रोज डबा पाठवायचात, धाकटी म्हणाली. थोरलीने चिमटा बांधावर ठेवला. मग म्हणाली की डबा तीच करायची, पण घेऊन यायचे ते हे. फाटकाशी उभे राहायचे, आत जाणाऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायचे, आणि बाहेरच्या उन्हात दोन-दोन तास थांबून परत यायचे. एकदा घरी आले ते अंगात ताप घेऊन. पण आत कधी पाऊल टाकलं नाही.

धाकटीला हे माहीत नव्हतं. बांधावरच्या गवतातून पाणी ठिबकत होतं. दोघींच्या मधे दोन हात रुंद दगड होते आणि त्या दगडांत, दोघींनाही आता ठाऊक होतं, सगळं भरलेलं होतं. थोरली म्हणाली, हे उकरल्याशिवाय सुटका नाही. धाकटी म्हणाली, उकरू कोण देणार.

उकरायची वेळ त्याच दिवशी ऊन वर आल्यावर आली. धाकट्याने एका दगडावर न थांबता तीन काढले. चौथ्याला हात घालतो तोच पलीकडे थोरला येऊन उभा राहिला. अंगाने मोठा, हाताची घडी घातलेला. धाकटाही ताठ झाला. सहा वर्षांनी दोघं समोरासमोर होते, आणि दोघांच्याही ओठांवर काय आहे ते बायकांना न ऐकताच कळत होतं. थोरली घेवड्यातून धावत आली. धाकटीने नवऱ्याचा दंड धरला.

सासू कशी आणि कधी चालत आली, कोणाच्या लक्षात आलं नाही. गुडघ्यांमुळे ती मळ्यात यायची बंद होऊन दोन वर्षं झाली होती. काठी चिखलात रुतत होती. तिने आधी काढलेल्या तीन दगडांकडे पाहिलं, मग उरलेल्या बांधाकडे.

“हा बांध नाही,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं यावरून भांडायला लागलात तेव्हा मला वाटलं, कळेल तुम्हाला. हे शेत घेतलं तेव्हा ते खडकाळ होतं. मी आणि तुमच्या वडिलांनी पाच वर्षं दगड वेचले. नांगराला आडवे यायचे. टाकायला जागा नव्हती, म्हणून मधे टाकत गेलो. तेवढंच.”

थोरल्याने विचारलं, मग वाटणीच्या वेळी बोलली का नाहीस. सासू म्हणाली, तेव्हा मला कोणी विचारलं होतं का. तुम्ही दोघंही कागद घेऊन मोजणीदाराकडे पळत होतात. नंतर बोलले असते तर एकाने म्हटलं असतं, दुसऱ्याची बाजू घेते. दोन्ही चुलींवर जेवायचं होतं मला.

हे ती रागाने बोलली नाही. दमली होती. थोरलीने तिला धरून एका दगडावर बसवलं. थोरल्याची घडी सुटली. तो खाली बघत होता, आणि त्याचे कान धाकट्याचे व्हायचे तसेच लाल झाले होते. मग थोरलीने पदर खोचला, दोन्ही हातांनी वरचा दगड उचलला आणि तो आपल्या मळ्यात न टाकता, अलीकडे धाकटीच्या पायाशीही न टाकता, बाहेर रस्त्याच्या बाजूला नेऊन टाकला. धाकटीने दुसरा उचलला.

चार दिवस लागले. दुपारनंतर पाऊस यायचा, तोवर काम. थोरला पहारीने दगड सुटे करायचा, बायका घमेल्यांनी लहान दगड वाहायच्या, आणि धाकटा उघड्या पडलेल्या मातीत बसून डावाने गोगलगायी बादलीत ओढायचा. प्रत्येक दगडाखाली होत्या. काही इतक्या जुन्या की शंख पांढरा पडलेला. अंड्यांचे गठ्ठे ते एका पत्र्यावर गोळा करायचे. उन्हाची तिरीप पडली की अंडी पाहता पाहता सुकून जायची. दुपारपर्यंत बादल्या भरायच्या. मळ्याबाहेर एक खड्डा खणला होता, त्यात त्या ओतायच्या, वर चुना, वर माती. पहिल्या दिवशी थोरलीला ओकारी आली. दुसऱ्या दिवशी ती बादलीशेजारी बसून चहा प्यायली.

दोघं भाऊ अजून बोलत नव्हते. पहार हवी असली तर थोरला बायकोला सांगायचा, बायको धाकटीला, धाकटी नवऱ्याला, आणि पहार धाकट्याच्या हाताशीच असायची. सासू रोज दगडावर येऊन बसायची आणि हे बघायची. तिसऱ्या दिवशी पायथ्याचा एक मोठा दगड निघाला, दोघांशिवाय हलणार नाही असा. थोरल्याने पहार खाली घालून तो उचकटला. धाकटा पुढे झाला, हात घातला, आणि दगडाची कड त्याच्या थरथरत्या बोटांतून घसरायला लागली.

“खालून धर,” थोरला म्हणाला. “बोटांवर घेऊ नकोस, मनगटावर घे.”

धाकट्याने मनगटं खाली सरकवली. दगड दोघांच्या मधे उचलला गेला. दहा-पंधरा पावलं ते तोंडं एकमेकांकडे करून, खेकड्यासारखे आडवे चालत गेले. टाकताना थोरल्याने तीन आकडे मोजले. परत येताना धाकटा काही तरी म्हणाला, थोरल्याने काही तरी उत्तर दिलं. बायकांनी मुद्दाम तिकडे पाठ केली होती, म्हणून ते काय बोलले ते दोघींनाही कधी कळलं नाही.

चौथ्या दिवशी दगड संपले. रस्त्याच्या ज्या खोलगट जागी बैलगाडीपासून सायकलीपर्यंत सगळं रुतायचं, तिथे ते भरून टाकले. मळ्यात मधोमध दोन हात रुंदीची एक काळीभोर पट्टी उघडी पडली होती. कधी नांगर न लागलेली. तिचा वास वेगळाच होता, कोंदट आणि गोड. धाकटीला वाटलं, आता खरी कसोटी आहे, ही पट्टी कोणाची याची. दगड होते तोवर भांडायला निदान उंच काही तरी होतं.

पुढचे आठ दिवस सगळ्यांनी पट्टीकडे बघायचं टाळलं. कोबीच्या उरलेल्या ओळी सावरल्या. मधल्या रिकाम्या जागी धाकटीने नवी रोपं लावली, या वेळी वीतभर मोठी करून, जाड देठाची. फळ्या आणि पोती चालूच होती, पण आता एका पोत्याखाली चार-पाच, कधी एखादीच. पानांना भोकं होती. सगळी गेली नव्हती आणि जाणारही नव्हती. दुकानदार एकदा रस्त्याने जाताना थांबून बघत राहिला आणि मग निघून गेला. कधी येताय म्हणून लेकीचा निरोप आला, तेव्हा धाकटीने उलट निरोप पाठवला की कोबी गड्डा धरतोय, निघण्याचं पुढे बघू. नवऱ्याने तो ऐकला आणि डाव घेऊन पोत्यांकडे निघाला.

मग एका सकाळी उघडीप होती. थोरला दोरी घेऊन आला. चार खुंट्या आणि लाकडी हातोडा त्याने पट्टीच्या एका तोंडाशी ठेवला, पहिली खुंटी ठोकून दोरीचं एक टोक तिला बांधलं आणि दुसरं टोक हातात घेऊन भावाकडे पाहिलं.

“जरा धर तिकडून.”

धाकटा डाव ठेवून उठला. दोरी सोडत सोडत तो पट्टीच्या दुसऱ्या तोंडापर्यंत गेला, वाकला आणि टोक जमिनीशी धरलं. त्याचे हात थरथरत होते, आणि ती थरथर सगळ्या दोरीभर पसरली. लांबलचक दोरी तारेसारखी झणझणत होती. ती काळ्या मातीवर कुठे पडतेय, सांगणं शक्य नव्हतं. धाकट्याने दुसऱ्या हाताने पहिला हात दाबला. त्यामुळे थरथर आणखीच वाढली. त्याच्या कपाळावर घाम आला.

थोरला पहिल्या खुंटीशी उकिडवा बसून राहिला. घाई कर असं तो म्हणाला नाही, मी येतो असंही म्हणाला नाही. एकदा त्याने आभाळाकडे पाहिलं, जणू पावसाचा अंदाज घेतोय. धाकटी पुढे निघाली होती, तिला थोरलीने डोळ्यांनी थांबवलं. धाकटा मग जमिनीवर बसला, टोक गुडघ्याखाली दाबलं आणि दोन्ही तळवे मातीवर टेकले. हळूहळू दोरी शांत झाली.

थोरला उठून दोरीच्या कडेने चालत आला. भावाच्या गुडघ्याशी त्याने खुंटी टेकवली आणि हातोडा घातला. मग मधल्या दोन. नंतर तो म्हणाला की पट्टी कोणी पेरू नये, अशीच उघडी राहू द्यावी, खुरपून कोरडी ठेवावी. उघड्यावरून गोगलगायी फिरकत नाहीत, आणि फिरकल्याच तर लगेच दिसतील. एक दिवस आम्ही बघू, एक दिवस तुम्ही बघा. धाकटा म्हणाला, चालेल.

वाटणीची ती दोरी पट्टीच्या मधोमध नव्हती. धाकटीने पहिल्याच नजरेत पाहिलं, दुसऱ्या टोकाला ती चांगली चार बोटं धाकटीच्याच मळ्याच्या अंगावर आली होती. नवरा गुडघा टेकून बसला तेव्हाच सरकली असणार. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरलीही त्याच खुंटीकडे बघत होती, आणि तिच्याही लक्षात आलं होतं. थोरली तोंड उघडणार असं दिसलं, तेव्हा धाकटीने मान हलवून नको म्हटलं.

“बादली कुठे आहे?” ती म्हणाली. “आजचा दिवस आमचा.”

आणि ती दोरीच्या कडेने, माती पायाने चाचपत, वाकून चालायला लागली.